भूल उतरेपर्यंत

ती दातांची डॉक्टर होती आणि दवाखान्यात तिची टकळी दिवसभर चालू असे. खुर्चीतल्या माणसाला ती हवापाणी सांगे, पहाटे स्वप्नात पाहिलेला समुद्र सांगे, लहानपणी हरवलेल्या छत्रीची गोष्टही सांगे. समोरचा आ वासून पडलेला, तोंडात कापसाचे बोळे आणि ओठाला अडकवलेली नळी. तो फार तर "आँ" म्हणणार. डॉक्टरीणबाई किती मनमोकळ्या आहेत, असं पेशंट कौतुकानं एकमेकांना सांगत.

घरी हे कुणाला पटलं नसतं. घरात तिला 'गोगलगाय' म्हणत. साधा फोन करायचा तरी ती आधी वाक्यं घोकायची आणि बोलणं झालं की त्यातला एकेक शब्द उकरत बसायची. कुणी नुसतं "हं" म्हटलं तरी त्याचा अर्थ लावत रात्र काढायची.

असाच एक "हं" दीड वर्ष तिच्या मानगुटीवर बसला होता. थोरल्या बहिणीनं नवं घर घेतलं, ते बघायला ती गेली आणि बोलून बसली, "खोल्या जरा अंधाऱ्याच आहेत, नाही?" ताई "हं" म्हणून स्वयंपाकघरात गेली. झालं. हिनं जीभ चावली, चपला घातल्या आणि थेट घर गाठलं. पुढं ताईचा फोन आला की ती तो वाजू द्यायची, मग "कामात होते" असा निरोप पाठवायची. हळूहळू ते फोनही थांबले.

आणि एका दुपारी गाल धरून ताईच दवाखान्यात येऊन उभी राहिली. "दाढ," एवढंच म्हणाली.

हिची बोटं सवयीनं कामाला लागली. भुलीचं इंजेक्शन दिलं, बोळे बसवले. भूल चढायला थोडा वेळ लागणार होता. खिडकीचा पांढरा पडदा फुगत होता, पुन्हा मिटत होता आणि छतावरचा उजेड पाण्यासारखा हलत होता. खोली जणू कुठल्याशा तळ्याच्या तळाशी जाऊन बसली होती. रस्त्यावरचे आवाज फार वरून, फार दुरून येत होते. ताईचे डोळे अर्धवट मिटले होते. झोपेत बोलावं तशी ही बोलू लागली.

"ताई, त्या दिवशी मी खोल्यांना अंधाऱ्या म्हणाले. तुला लागलं ना? मला रोज आठवतं. माफी मागायला फोन उचलते आणि ठेवून देते."

ताई डोळे उघडून काहीतरी पुटपुटली. हिनं लगेच आरसा उचलला. "आ कर, मोठा आ."

ताईनं तिचं मनगट धरलं आणि दुसऱ्या हातानं बोळे काढले. तेव्हा तिला उमगलं, की बोलायची भीती तिला कधी नव्हतीच. भीती होती ती उत्तराची. हात सोडवून घेणं सोपं होतं. तिनं आरसा खाली ठेवला.

"खोल्या अंधाऱ्या आहेतच," ताई बधिर ओठांनी बोबडं बोलत होती. "मी दुसऱ्याच दिवशी दिवे बदलले."

"मग रागावली नव्हतीस?"

"रागावले होते की. तुझ्यासाठी ताट वाढून बाहेर आले, तर तू गायब. मला वाटलं, हिला माझं घरच आवडलं नाही, मीही नकोशी झालेय."

दीड वर्षात हिनं हजार उत्तरं रचली होती. त्यांत हे नव्हतं.

"मी घाबरून पळाले गं," ती म्हणाली.

"मला कसं कळणार? तू सांगत तर नाहीस." ताईच्या ओठाच्या कोपऱ्यातून लाळ ओघळली. ती पुसायला दोघींचे हात एकदमच गेले. ताई हसली, अर्धाच चेहरा हसला. ते बघून हिलाही हसू आवरेना.

दाढेचं काम व्हायला तासभर लागला. हिनं सबंध वेळ तोंडातून अक्षर काढलं नाही, आणि ती शांतता तिला टोचली नाही.

चार दिवसांनी ताईचा फोन आला. काय बोलायचं ते ठरलेलं नव्हतं. फोन तीनदा वाजला आणि तिनं उचलला.

"हं, बोल," ताई म्हणाली.

"आधी तू बोल," ती म्हणाली आणि खुर्ची ओढून ऐकत बसली.