एकशे बारा टर्न

चूक माझीच, हे आधीच सांगून टाकते. पत्रात 'वर्कशॉप' हा शब्द मी जाऊ दिला. आमच्या सांगलीच्या संस्थेतल्या तरुण मंडळींना 'कार्यशाळा' म्हटलं की सरकारी वास येतो. मीही म्हटलं, जाऊ दे, शब्दानं काय होतंय. एका शब्दानं काय काय होतं ते मला पुढच्या शनिवारी कळलं.

तीस वर्षं मी आरोग्यसेविका म्हणून या जिल्ह्यात पायपीट केली. निवृत्त झाल्यावर घरात बसवेना. नवऱ्यालाही मी घरात बसलेली सोसेना. म्हणून संस्थेचं हे काम घेतलं. गावच्या शाळेशी बोलणी करायची आणि महिन्यातून एक शनिवार तिथल्या वयात येणाऱ्या मुलामुलींबरोबर बसायचं. अंगात होणारे बदल, राग, लाज, भीती, जे जे घरात कुणी बोलत नाही ते सगळं बोलायचं. काम मला मनापासून आवडतं. फक्त त्यासाठी आधी शाळा राजी व्हावी लागते आणि तिथं माझी जीभ मला बरीच आवरावी लागते.

ही शाळा कवठे महांकाळच्या पुढं, गावानं वर्गणी काढून उभी केलेली. आठवी ते दहावी, तीन वर्ग, वर पत्रा. पायाला दगड मराठ्यांच्या घरांनी दिले, खिडक्या-दारं मुसलमान मिस्त्र्यांनी बसवली, असं गाव अभिमानानं सांगतं. शाळा समितीचे अध्यक्ष सुभेदार हंबीरराव. फौजेत अठ्ठावीस वर्षं काढलेला माणूस, मिशा अजून ड्यूटीवर. मी पत्र घेऊन गेले तेव्हा त्यांनी ते दोनदा वाचलं आणि खूश झाले.

"वर्कशॉप? झक्कास! आवं मॅडम, हेच पायजे आमच्या पोरांस्नी. पोरीबी येतील न्हवं?"

"मुली तर आल्याच पाहिजेत," मी म्हटलं.

"येतील की. हत्यारं तुमी आणणार का आमी?"

मला वाटलं, सुभेदार गंमत करतायत. मीही हसून म्हटलं, "हत्यारं कशाला? बोलूनच सगळं सुटतं." त्यांनी माझ्याकडं जरा संशयानं पाहिलं, पण सही ठोकली. हे अठ्ठावीस वर्षं फौजेच्या गाड्या दुरुस्तीच्या वर्कशॉपात होते, हे मला त्या दिवशी कुणी सांगितलं नाही.

शनिवारी नऊ वाजता शाळेत पोचले तर मैदानात जत्रा. दोन मोटारसायकली, तीन फवारणीचे पंप, कडबाकुट्टीची मोटार, भांड्यासकट मिक्सर आणि एक टेबलफॅन, त्याच्या मालकिणीसह. वर कापडी फलक: 'भव्य वर्कशॉप. सर्वांनी लाभ घ्यावा.' लिंबाखाली जळक्या मोटारींत नवी तार भरून देणारा नियाज मिस्त्री आपलं तार गुंडाळायचं मशीन मांडून बसलेला. शाळेची पाण्याची मोटार जळाली होती. ती आठ दिवस त्याच्याकडं होती. जळकी तार काढून, मोटार साफ करून, उरलेलं काम पोरांच्या डोळ्यांदेखत करायला त्याला बोलावलं होतं.

"हे काय?" मी विचारलं.

"वर्कशॉप," सुभेदार म्हणाले. गळ्यात शिट्टी होती.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी पत्र काढून त्यांच्यापुढं धरलं आणि काय काय बोलायचं होतं ते एका दमात सांगितलं, जरा मोठ्यानंच. पाळीपासून मिसरुडापर्यंत सगळं. टेबलफॅनवाल्या मालकिणीनं पदर तोंडाला लावला. सुभेदारांचा चेहरा पडला तेव्हा मात्र मलाच वाईट वाटलं. एवढा फलक रंगवला होता बिचाऱ्यांनी.

"मग आता कसं? गाव गोळा केलाय म्या."

"आता आलिया भोगासी," मी म्हटलं. "पहिला दीड तास मुली माझ्याकडं आत, मुलं मिस्त्रींकडं बाहेर. मग अदलाबदल."

"म्हंजे दोन शिफ्ट!" त्यांना एकदम हुरूप आला आणि त्यांनी शिट्टी फुंकली.

आत सतरा मुली सतरंजीवर बसल्या. उकाडा होता, म्हणून खिडक्या सताड उघड्या ठेवल्या होत्या. मी प्रत्येकीला एक कागद दिला आणि म्हटलं, मोठं झाल्यावर तुमचं काय बंद झालं ते लिहा. नाव नको. आधी खुसखुस झाली, मग सगळ्या लिहायला लागल्या. सायकल. मोठ्यानं हसणं. पप्पांच्या गाडीवर पुढं बसणं. शिवांजली नावाच्या धीट मुलीनं आपलं आपणच वाचून दाखवलं, "विहिरीत मुटका मारणं," आणि सगळ्या हसल्या.

एका कागदावर लिहिलं होतं: 'अब्बांच्या दुकानातलं माझं स्टूल.'

आता सतरा जणींत अब्बा म्हणणारी एकच, ती म्हणजे तहरीम, नियाज मिस्त्रीची मुलगी, नववीतली. तिलाही ते कळलं. ती मान वर करून म्हणाली, "माझंच हाय, मॅडम."

"सांगतेस?"

तिनं सांगितलं. ती दुसरीत असल्यापासून शाळा सुटली की दुकानात जायची. मशीनवरचा टर्न मोजायचा मीटर कधीचाच बंद पडलेला. अब्बा मशीन फिरवायचे आणि ती स्टुलावर बसून तारेचे फेरे मोजायची. दहा टर्न कमी भरले तरी मोटार तापते आणि जळते, म्हणून मोजणी चुकून चालत नाही. तिची कधी चुकली नाही. गेल्या वर्षी एक दिवस अब्बा म्हणाले, आता तू मोठी झालीस, दुकानात यायचं नाही. त्या स्टुलावर आता नटबोल्टचा डबा असतो.

"अब्बा बोलतात ना तुझ्याशी?"

"बोलतात की. जेवलीस का, अभ्यास झाला का, असं बोलतात. मोटारीचं कायबी बोलत न्हाईत. मला पोरांसंगट फिरायचं न्हाई, मॅडम, मोबाईल नको, काय नको. मला फकस्त माझं स्टूल पायजे."

आमच्या पुस्तिकेत अशा वेळेसाठी एक वाक्य छापलेलं आहे, 'पालकांशी मोकळा संवाद साधा.' ते मी ओठांपर्यंत आणलं आणि गिळलं. मलाही माझ्या वडिलांनी अकराव्या वर्षी तालमीच्या कट्ट्यावरून उठवून घरी पाठवलं होतं, आणि संवाद साधायची माझीही छाती झाली नव्हती. मी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि पुढचा कागद घेतला.

तेवढ्यात बाहेर नियाज मिस्त्रीनं मशीन सुरू केलं. हातानं फिरवायचं मशीन, दर फेऱ्याला एक टक् असा आवाज. मी पाळीबद्दल सांगायला लागले, आकृती काढली, मुली मान खाली घालून का होईना, ऐकत होत्या. तहरीम मात्र खिडकीकडं तोंड करून बसली होती आणि तिचे ओठ हलत होते. मी एकदा टोकलं, "तहरीम, लक्ष कुठंय?" तिनं नुसती मान हलवली. दुसऱ्यांदा टोकलं तेव्हा तिनं हात वर करून मलाच थांबायची खूण केली. मला असा राग आला म्हणता, आताच तर पोरीसाठी जीव तुटत होता माझा.

मी काही बोलणार तोच बाहेर सुभेदारांचा आवाज आला. "मिस्त्री, च्या घ्या! साखर चालती न्हवं तुमाला?"

मशीन थांबलं.

"झालं!" नियाज मिस्त्री कपाळावर हात मारून म्हणाला. "घालवलं का न्हाई, सुभेदारसायब! मोजत हुतो न्हवं म्या. आता ही सगळी तार उलगडायची आन परत पयल्यापासनं."

"एकशे बारा," तहरीम म्हणाली.

मोठ्यानं म्हणाली. खिडकीतून सरळ बाहेर गेलं ते. बाहेरची सगळी पोरं वळून पाहायला लागली. नियाज मिस्त्रीही वळला. तहरीम खिडकीचे गज धरून उभी होती, ती मागं सरकली नाही.

"आवं, पोरगी आत वर्गात हुती," सुभेदार म्हणाले. "तिला काय म्हाईत? उगं अंदाजपंचे नको, शाळंची मोटार हाय. उलगडा तुमी."

नियाज मिस्त्रीनं लेकीकडं पाहिलं. किती वेळ पाहिलं ते मला सांगता येणार नाही, पण कपातल्या चहावर साय धरली.

"तिनं सांगितलं म्हंजे तेवढंच," तो म्हणाला. "तिची मोजणी चुकत न्हाई."

आणि त्यानं मशीन पुढं फिरवायला घेतलं. टक्, टक्. आत सतरा जणींत कुणी हललं नाही. मीही खडू धरून तशीच उभी राहिले. थोड्या वेळानं त्यानं हात थांबवला. सकाळपासून सगळ्यांशी मराठीत बोलणारा माणूस, खिडकीकडं न बघता घरच्या बोलीत म्हणाला, "कित्ते हुए गे?"

"एकशे चाळीस. बस," तहरीम म्हणाली.

त्यानं तार तोडली. आमच्या मुलींनी टाळ्या वाजवल्या, त्या कशासाठी हे बाहेरच्या पोरांना कळलं नसेल. माझं त्या दिवशीचं पाळीचं व्याख्यान अर्धवटच राहिलं आणि मला त्याचं काडीचंही दुःख झालं नाही.

दुसरी शिफ्ट आटोपून मी निघाले तेव्हा नियाज मिस्त्री सामान आवरत होता. मी गप्प राहायचं ठरवलं होतं. पण गप्प राहणं मला जमत असतं तर नवऱ्यानं मला घराबाहेर कशाला काढलं असतं?

"मिस्त्री, पोरीला दुकानातून का उठवलं?"

त्यानं मला धुडकावलं नाही. पक्कड पुसत म्हणाला, "दुकानात एक गिऱ्हाईक आलं हुतं, मॅडम. तिच्याकडं बघून एक शब्द बोललं. वंगाळ. माझं डोस्कं फिरलं. त्याला मारावं वाटलं मला. तो गेला, आन म्या हिला उठवलं."

"राग त्याचा, आणि उठवलं हिला?"

त्याचा हात थांबला. "व्हय," तो म्हणाला. "तसंच झालं."

"मग आता?"

"बघतो."

या जिल्ह्यात तीस वर्षं काढल्यावर मला 'बघतो' म्हणजे काय ते कळतं. गोळ्या घेता का, बघतो. शौचालय बांधता का, बघतो. तेव्हा मी फार आशा धरली नाही. सांगलीच्या गाडीत बसले आणि वाटभर त्या न पाहिलेल्या गिऱ्हाइकाला शिव्या घातल्या.

पुढच्या महिन्यात गेले तर सुभेदारांनी नवा फलक लावला होता: 'कार्यशाळा. गाड्या आणू नयेत.' शाळेच्या टाकीला पाणी होतं, मोटार चांगली चालत होती. तहरीम त्या दिवशी पहिल्या रांगेत बसली, खिडकीकडं एकदाही पाहिलं नाही आणि सगळ्यात जास्त प्रश्न तिनंच विचारले. स्टुलाचं मी विचारलं नाही. भीती वाटली मला, काय उत्तर येईल याची.

पण पिशवीत माझा मिक्सर होता. तो खरोखर बिघडला होता, हे आवर्जून सांगते. शाळा सुटल्यावर घटकाभरानं मी एस.टी. स्टँडजवळच्या नियाज मिस्त्रीच्या दुकानात गेले.

दुकानात दोन स्टुलं होती. एकावर मिस्त्री. दुसऱ्यावर शाळेच्या गणवेशातच तहरीम, आत कोपऱ्यात नव्हे, पुढं, रस्त्याच्या तोंडाशी. नटबोल्टचा डबा खाली जमिनीवर. एक बाप्या मोटार घेऊन आला होता, तर मिस्त्री त्याला म्हणाला, "काय झालंय ते तिला सांगा." त्या माणसानं ते तिला सांगितलं, तिनं वहीत टिपून घेतलं.

तो गेल्यावर मी पुढं झाले. मशीन समोरच होतं आणि त्यावरच्या मीटरवर काळी चिकटपट्टी गुंडाळलेली.

"मीटर अजून बंदच का, मिस्त्री?"

"व्हय," तो मान खाली घालून म्हणाला. "खराब हाय त्यो."

तहरीमनं माझ्याकडं पाहिलं. तिला हसू आवरेना. "चालू हाय, मॅडम. मीच दुरुस्त केला गेल्या जुम्म्याला. दुसऱ्या दिवशी बघती तर ह्यांनी पट्टी मारून ठिवलीया."

नियाज मिस्त्रीचे कान लाल झाले. माझे डोळे भरून आले, ते मी मिक्सरच्या भांड्यात बघून लपवले. त्यानं घाईघाईनं तारेचं टोक मशीनला अडकवलं, दांड्यावर हात ठेवला आणि आमच्या दोघींकडं पाठ करून जोरात विचारलं, "कित्ते हुए गे?"

"अब्बा," तहरीम म्हणाली, "अबी चालूच नै करे तुमे!"