विमलाबाईंचं बोट

धनगरांच्या वाडीवरच्या शाळेत रुजू होऊन विमलाला पुरते तीन महिनेही झाले नव्हते, आणि राजीनाम्याचा कागद आठ दिवसांपासून तिच्या पिशवीत होता. रोज सकाळी निघताना ती तो आहे ना हे बघायची आणि रोज संध्याकाळी तसाच परत आणायची.

ती एकोणीस वर्षांची होती. वडील परभणीला कचेरीत कारकून. आपला मुलूख मुंबई राज्यात गेला त्याच्या दुसऱ्या वर्षी वाड्यावस्त्यांवर एकशिक्षकी शाळा निघाल्या, आणि सातवी पास माणसाला नोकरी मिळू लागली. वाडीची शाळा कुणी घेईना, म्हणून ती विमलाला मिळाली. राहायला पोखर्णीला मामाकडे. मामा व्यंकटराव नरसिंहाच्या देवळात पूजेला असत. तिथून वाडी दोन मैल.

मॅट्रिकला ती बाहेरून बसली होती. पहिल्या खेपेला गणितात सात मार्कांनी गेली. मार्चमध्ये पुन्हा परीक्षा होती. मॅट्रिक झाली की शिक्षणखातं ट्रेनिंगला पाठवणार होतं, पण नोकरीत असली तरच. आणि नोकरीत राहून अभ्यास होत नव्हता. वडिलांनी कार्डावर दोनच ओळी लिहिल्या होत्या: 'जमत नसेल तर सोड. मात्र या खेपेला पास झाली नाहीस, तर पुढच्या मार्गशीर्षात तुझं लग्न उरकू.'

शाळा बिरोबाच्या देवळाच्या ओसरीवर भरायची. चार वर्ग, एक फळा, पटावर चौतीस मुलं. ओसरीपासून तीस पावलांवर बिनकठड्याची विहीर. पहिल्या दिवसापासून विमलाला त्या विहिरीची धास्ती होती. म्हणून ती मुलं मोजायची. शाळा भरली की, पाणी प्यायची सुट्टी झाली की, पाऊस आला म्हणून मुलं आत पळाली की, पुन्हा शाळा सुटताना. ओळीपुढून चालत जायची, प्रत्येकाच्या डोक्याकडे बोट करायची आणि मोठ्यानं म्हणायची, "एक, दोन, तीन..." पटावरची चौतीस कधी भरत नसत; एकतीस भरली की तिचं समाधान व्हायचं.

कार्तिक संपता संपता मुलं कमी होऊ लागली. एकतीसची सत्तावीस झाली, मग बावीस, मग एकोणीस. कुणी भांडायला आलं नाही, कुणी कारण सांगितलं नाही.

कारण आपल्याला ठाऊक आहे, असं विमलाला वाटत होतं. मुलं पाढे घोकत असताना ती मांडीवर भूमितीचं पुस्तक उघडून ठेवायची. ओठ हलवत प्रमेय पाठ करायची. मुलांना ते दिसत असणार. मुलांना सगळं दिसतं. त्यांनी घरी सांगितलं असणार की बाई आमच्याकडे बघत नाहीत. तिनं पुस्तक घरी ठेवायला सुरुवात केली. तरी मुलं चौदावर आली. आता शाळाही जात होती आणि अभ्यासही.

बुधवारी निरोप आला. सोमवारी डिप्टीसाहेब तपासणीला येणार. वीसच्या खाली हजेरी असली तर शाळा बंद करायचा हुकूम होता.

"एक कर," रात्री जेवताना मामा म्हणाले. "कागद लिहिलायस ना? सोमवारी त्यांच्याच हातात दे. शाळा बंद पडून घरी बसण्यापेक्षा आपण होऊन सोडलेली बरी."

"सोडली तर पुन्हा सरकारी नोकरी मिळत नाही म्हणतात, मामा."

"मग नको देऊस."

"आणि मार्चला नापास झाले तर?"

"अगं, मी पुजारी माणूस. मला विचारशील तर मी म्हणेन, देवाला कौल लाव. तुला ते पटायचं नाही. भात घे."

तिनं शनिवारपर्यंत वाट बघायची ठरवलं.

शनिवारी सकाळच्या शाळेला अकरा मुलं होती. शाळा सुटल्यावर ती घरी गेली नाही. वाडीत शिरली. पहिल्या घराचं दार लोटलेलं. दुसऱ्या घरात एक म्हातारी म्हणाली, "पोरं रानात गेलीत, बाई." तिच्या मागे दोन पोरं उभी होती. तिसरं घर भिवराबाईचं. तिचा मुंजाजी पहिलीत होता आणि महिनाभर आला नव्हता. भिवराबाई अंगणात लोकर पिंजत होती. मुंजाजी शेजारी बसला होता. विमला दिसताच भिवराबाईनं पदर लांब केला आणि मुलाच्या डोक्यावर टाकला.

विमलाला रडू आलं. ते तिनं दाबलं.

"भिवराबाई, माझं काही चुकलं असेल तर सांगा. मी शाळेत पुस्तक वाचत होते, ते आता बंद केलंय. देवाशपथ."

"पुस्तक?" भिवराबाईचे हात थांबले. "मदरशात पुस्तक न्हाई वाचायचं तर काय भाकरी थापायच्या? वाचा की." शाळेला वाडीवर अजून जुन्या राजवटीतला मदरसा हाच शब्द चालायचा.

"मग मुलं का येत नाहीत?"

भिवराबाईनं लोकर बाजूला सारली. मग म्हणाली, "कसं सांगावं, बाई. तुमी लय चांगल्या हाव. मारत न्हाईत, शिव्या देत न्हाईत. पण तुमचं बोट चांगलं न्हाई."

"माझं बोट?"

"त्या बोटानं तुमी रोज लेकरं मोजायलाव. दिसातून चार डाव. माझा मुंजा एकतिसावा. रोज घरी येऊन सांगायचा, आई, मी एकतीस. कार्तिक सरताना ताप भरला. आठ दिस डोळा उघडला न्हाई." तिनं पदराखालून मुलाच्या डोक्यावर हात फिरवला. "मोजलं की नजर लागती. आमी मेंढरं मोजत न्हाई. मेंढरं! मग लेकरं कशी मोजू द्यावीत?"

विमला तिथंच जोत्यावर टेकली. तिला एकदम हलकं वाटलं आणि त्याच क्षणी भीतीही वाटली. तीन महिने ती काळजीनं जे करत होती, त्यालाच आया घाबरत होत्या.

"मला कुणी सांगितलं का नाही?"

"बाईला कुणी सांगावं? तुमी शिकलेल्या."

तेवढ्यात शेजारच्या मेंढवाड्यातून सटवाजी बाहेर आला. वाडीतला सगळ्यांत जाणता माणूस, साठीच्या घरातला, खांद्यावर घोंगडं. त्यानं सगळं ऐकलं होतं.

"मोजल्याशिवाय मला चालत नाही हो," विमला त्याला म्हणाली. "ती विहीर आहे. एखादं मूल कमी झालं आणि मला कळलंच नाही तर?"

"मोजून कळतंय व्हय? मोजलं तर एक कमी हाय इतकंच कळतंय. कोण कमी हाय ते कुठं कळतंय?" सटवाजी हसला. "उद्या दिस उगवायला या, बाई. तुमच्या मदरशात तुमी शिकवा, माझ्या वाड्यात मी शिकवतो. फी काय घेत न्हाई."

रविवारी ती उजाडता उजाडता गेली. सटवाजीनं मेंढवाड्याच्या तोंडावरची काटेरी फाटी काढली आणि मेंढरं धक्काबुक्की करत बाहेर पडू लागली. विमलाला सगळी सारखीच दिसत होती. सटवाजी काठीवर हनुवटी टेकून नुसता बघत होता. शेवटचं मेंढरू गेलं तसा म्हणाला, "काळ्या कानाची ऱ्हायली आत. व्यायली असंल." आत जाऊन बघितलं तर खरंच कोपऱ्यात ती होती, आणि तिच्याजवळ ओलं कोकरू.

"किती आहेत सगळी?" विमलाच्या तोंडून निघून गेलं.

"मला काय ठावं," सटवाजी म्हणाला. "तुमी मोजू नगा."

मग त्यानं समजावून सांगितलं, लहान मुलाला सांगावं तसं. "सगळ्यांकडं एकदम बघायचं न्हाई. कोण कुणासंगं चालतंय ते बघायचं. माय अन् पिल्लू. बहिणी बहिणी. खोडकर खोडकरासंगं. एखादं हरवलं की त्याच्या जोडीचं मान वळवून बघतंय. त्याला इचारायचं."

त्या दिवशी विमला दुपारपर्यंत वाडीत फिरली. प्रत्येक दारात तिनं सांगितलं, "आता मोजणार नाही." कुणी बरं म्हटलं, कुणी नुसती मान हलवली. घरातलं कोणतं मूल कुठं आहे, तेही ती विचारून घेत होती. एकीनं विचारलं, "अन् तो सायब मोजंल त्याचं काय?" "बघते," म्हणून विमला पुढच्या दाराकडे वळली.

सोमवारी सकाळी चोवीस मुलं आली. चोवीस हा आकडा तिला नंतर कळला. त्या वेळी तिनं फक्त ओसरी भरलेली बघितली. ओसरीखाली चार-पाच बायका येऊन बसल्या होत्या. भिवराबाई मुंजाजीला मांडीवर घेऊन होती. त्याला शाळेत बसवायचं की नाही, ते तिनं अजून ठरवलं नव्हतं.

डिप्टीसाहेब दहा वाजता सायकल हातात धरून आले. पायवाटेवर बाभळीचा काटा घुसून चाक बसलं होतं, त्यामुळे ते वैतागलेले होते. टोपी काढून घाम पुसला, हाजरीपुस्तक मागितलं, आणि पेन्सिल मुलांकडे रोखून म्हणाले, "एक, दोन..."

ओसरीखालच्या बायकांत हालचाल झाली. एक उठली.

"साहेब, थांबा," विमला म्हणाली.

डिप्टीसाहेबांनी वळून बघितलं. तपासणीला आलेल्या साहेबाला थांबा म्हणणारं माणूस त्यांना बहुधा भेटलं नसावं.

"मोजू नका. मी सांगते. पुस्तक तुमच्याजवळ ठेवा. मी न बघता नावं सांगते, कोण आलंय, कोण नाही. तुम्ही खुणा करा."

"का? मोजायला एक मिनिट लागतं."

"यांना ते चालत नाही, साहेब." तिनं आवाज खाली आणला. "कारण मी तुम्हाला मागून सांगते."

साहेबांनी मुलांकडे बघितलं, खाली बायकांकडे बघितलं, आणि पुस्तक उघडलं. "सांगा."

ती सांगू लागली. ओळीनं नाही, जोडीजोडीनं. खांबाजवळचे दोघे चुलतभाऊ. त्यांच्यामागे कायम भांडणारे आणि कायम शेजारी बसणारे तिघे. आलेली सगळी झाली. मग न आलेली: दोघं मामाच्या गावाला, चौघं मेंढरांमागे, एकाच्या पायाला काटा, मुंजाजी तापातून उठलेला, तो खाली आईजवळ आहे. एकीला भाऊ झालाय, ती पाळण्याजवळ.

"आणखी एक राहतंय," साहेब पुस्तकात बघत म्हणाले.

विमलाला आठवेना. तोंडातल्या तोंडात ती नावं घोळवत राहिली आणि जितकी घोळवली तितकी ती मिसळत गेली. मग तिनं नावं सोडली आणि मुलांकडे बघितलं. दुसरीतली धुरपता पाटी मांडीवर घेऊन बसली होती. पाटीचा अर्धा भाग लिहिलेला, अर्धा कोरा. आणि ती पुन्हा पुन्हा वाटेकडे बघत होती.

"धुरपताची पाठची बहीण," विमला म्हणाली. "दोघी एका पाटीवर लिहितात. धुरपता, कुठं आहे गं ती?"

"रुसलीय, बाई. येतो म्हनली."

साहेबांनी शेवटची खूण केली. "चोवीस," ते पुस्तकाकडे बघूनच, हलक्या आवाजात म्हणाले. खाली भिवराबाईनं मुंजाजीला मांडीवरून उतरवलं आणि पाठीवर हात ठेवून ओसरीकडे ढकललं.

"पंचवीस," साहेब म्हणाले आणि जीभ चावली.

पुढची तपासणी नेहमीसारखी झाली. तिसरीला वाचायला लावलं, चौथीला उदाहरणं घातली. दोघं चुकले, एकाचं बरोबर आलं. निघताना साहेबांनी विचारलं, "काही अडचण?"

पिशवी तिच्या खांद्यालाच होती. तिनं आत हात घातला. कागद बोटांना लागला.

"साहेब, संक्रांत झाली की ही माणसं मेंढरं घेऊन गोदेकाठी जातात. मुलंही जातात. पाडव्याला परत येतात. मग मे महिन्यात आपण सुट्टी देतो, तेव्हा मुलं इथंच असतात. सुट्टी आधी द्या. मेमध्ये मी शाळा भरवीन."

"मॅट्रिकची परीक्षा मार्चमध्येच असते, नाही का?"

तिचा चेहरा तापला. "हो. तीही आहे. मी लपवत नाही."

"लिहून द्या. वर पाठवतो. होईलच असं नाही सांगत. नाही झालं तर?"

"परीक्षेच्या दिवसांची बिनपगारी रजा मागेन."

"पहिल्या वर्षी ती मिळत नाही."

विमलानं बाहेर बघितलं. उन्हात सायकलचं बसलेलं चाक दिसत होतं. मागे मुलं बेचा पाढा म्हणत होती आणि एकाचा आवाज सगळ्यांच्या पुढे पळत होता.

"मग तेव्हा राजीनामा देईन, साहेब," ती शेवटी म्हणाली. "आज देत नाही."

साहेबांनी हाजरीपुस्तक मिटलं. "अर्ज लिहा," ते म्हणाले. "तोवर मी पाणी पितो. या वाडीत पंक्चर काढणारं कुणी आहे का हो?"

संध्याकाळी मामांनी विचारलं, "दिलास?"

"नाही."

"म्हणजे ठरलं काहीच नाही."

"संक्रांतीपर्यंतचं ठरलं, मामा."

"आणि पुढं?"

"पुढची भीती आहेच," विमला म्हणाली.

संक्रांतीला पंचवीस दिवस होते. पहाटे चारला उठायचं, दोन प्रमेयं करायची, मग भाकरी बांधून निघायचं, असं तिनं सुरू केलं. पहिल्या आठवड्यात दोनदा पुस्तकावरच झोप लागली. तिच्या अर्जाचं परभणीहून उत्तर आलं नव्हतं. वाटेनं चालताना ती काटकोन त्रिकोणाचं प्रमेय म्हणायची, मध्येच अडायची, पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची. वाडी दिसू लागली की ते थांबवायची आणि लांबूनच, कोण कोण आलंय ते बघत चालायची.