एक ओळ माझ्यापुरती

बहिणीने पिशवीतून लिफाफा काढून टेबलावर सरकवला. सरकारात कायद्यांचा मसुदाकार असलेल्या तिच्या भावाने उठून खोलीचं दार लावलं, मग काय वाटलं कोण जाणे, ते पुन्हा अर्धं उघडून ठेवलं.

लिफाफ्यात परदेशी न्यायालयाचा आदेश होता. भाचा तिकडे अमली पदार्थांच्या व्यापाराबद्दल शिक्षा भोगत होता. त्या कमाईतून त्याने इथे आईसाठी घेतलेलं घर जप्त करावं, असं आदेशात म्हटलं होतं.

"वकील म्हणतो, तिकडचा कागद इकडे चालत नाही."

"आजवर चालत नव्हता," तो म्हणाला. "आता कायद्यात दुरुस्ती येतेय. तिकडचा आदेश इथे नोंदवला, की तो इथल्याच न्यायालयाचा समजायचा."

"आणि ती दुरुस्ती लिहितंय कोण?"

तो चष्मा पुसत राहिला.

"मला वाटायचं, पोरगा जहाजावर आहे. शेजारणींना त्याचे फोटो दाखवत फिरायचे मी. त्याला सोडव असं म्हणत नाही, दादा. पण या वयात मी जाऊ कुठे? एक ओळ घाल ना माझ्यापुरती."

"कायदा आहे तो. घरचा मामला नाही."

"शाळेत माझे निबंध लिहून द्यायचास, तेव्हा बरा घरचा मामला होता!"

ती गेल्यावर त्याने मसुदा उघडला. ती ओळ तिथे होतीच. सातवं कलम: गुन्ह्याची माहिती नसलेले आईवडील ज्या घरात राहतात, ते घर त्यांच्या हयातीत जप्त करू नये. दोन वर्षांपूर्वी, भाचा पकडला जाण्याच्या कितीतरी आधी, त्यानेच ते लिहिलं होतं. आठवडाभर शब्द घासूनपुसून घेतले होते. आता तेच शब्द त्याला चोरीच्या मालासारखे दिसू लागले. उद्या कुणी म्हणालं, बहिणीच्या घरावर कायद्याचं पांघरूण घातलं, तर?

त्याने पट्टी ठेवून तांबडी रेघ ओढली. समासात लिहिलं, 'वगळावे'.

विधेयक संमत झालं त्या दुपारी सचिवांनी त्याला बोलावलं.

"ते सातवं कलम का हो काढलंत?"

"वाटलं, आक्षेप येईल."

"कुणाचा? विरोधकसुद्धा खूश होते त्यावर. पण तुम्हीच काढलंत म्हटल्यावर सगळ्यांना वाटलं, त्यात काहीतरी खोट असणार. तुमच्यासारखा माणूस उगाच रेघ मारत नाही." सचिवांनी आवाज खाली आणला. "तुमच्या भाच्याचं कानावर होतं आमच्या. पण मूळ मसुद्यावर तारीख जुनी होती. कोण काय बोलणार होतं?"

मसुदाकाराने मान हलवली आणि दाराशी जाऊन तो चुकून ते आतल्या बाजूला ओढण्याऐवजी बाहेर ढकलत राहिला.

घराचा ताबा घ्यायला कोर्टाचा बेलिफ आला, त्या दिवशी तो बहिणीकडे गेला. स्वयंपाकघरातली भांडी ती जुन्या साड्यांत बांधत होती. त्याला पाहून तिने पदराने हात पुसले.

"साहेब, हा माझा दादा," तिने बेलिफाला सांगितलं. "कायदे लिहितो. माझ्यासाठी फार धडपडला हो. वरच्यांनी ऐकलं नाही, त्याला तो तरी काय करणार?"

बेलिफाने कागद बाजूला ठेवले आणि अदबीने खुर्ची पुढे केली.

मसुदाकार बसला.