आधी पाणी, मग विचारपूस

कोनादू मॅडमच्या कॉम्प्युटरच्या तासाला मुलं आधी पाणी द्यायला शिकत. खरं पाणी नव्हे, आपलं म्हणण्यापुरतं.

"घरी पाहुणा आला की काय करता?"

"बसवतो, मॅडम. पाणी देतो."

"मग?"

"अमान्ये विचारतो."

अमान्ये म्हणजे येण्याचं कारण. कुठून आलात, कुणी पाठवलं, काय काम काढलंत, हे विचारून झाल्याशिवाय आमच्या कोफोरिडुआ गावात सख्ख्या भावाशीही पुढचं बोलणं होत नाही.

"मग पडद्यावर आलेलं हे पान कोण तुमचा जावई लागून गेलाय? त्यालाही विचारा."

मुलं विचारू लागली. विषय मलेरियाचा होता. ओफोसू नावाच्या पोरानं एक पान खालपर्यंत नेलं आणि कपाळावर हात मारला. "मॅडम, हा तर डास पळवणाऱ्या बांगड्या विकायला आलाय." वर्ग खो खो हसला. मॅडमही हसल्या. या पोरांवर त्यांचा भारी जीव.

तेवढ्यात मागच्या बाकावरून दुफीनं विचारलं, "आणि निरोप घरातल्या मोठ्या माणसानं आणला असेल तर?"

"तरी विचारायचं. माणसाला मान, निरोपाला प्रश्न."

बोलून गेल्या खऱ्या, पण घरी जाताना तेच वाक्य त्यांना टोचत राहिलं. वर्गात वाघीण आणि घरात मांजर, अशी गत होती बाईंची.

आईला काचबिंदू होता. गेलेली नजर परत येणार नाही, उरलेली टिकवायची तर थेंब रोज घाला, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. आणि थेंबांची बाटली महिनाभर फळीवर नुसती पडून होती. कारण अमोआको मामा. आईच्या या थोरल्या भावानं फोनवर एक व्हिडिओ पाठवला होता. त्यात पांढरा कोट घातलेला एक माणूस पाल्याच्या रसात मध कालवून डोळ्यांत घालायला सांगत होता. आमच्याकडे बाप लाड करतो, पण शब्द चालतो तो मामाचा. त्यातून कोनादूच्या शिक्षणासाठी हाच मामा सगळ्यांशी भांडला होता. तिनं एकदा विषय काढून पाहिला, तर आई म्हणाली, "तुझा मामा माझं वाईट करेल होय?" झालं, तोंड बंद. पण आई मण्यांच्या माळा ओवणारी बाई, आणि हल्ली हाताशी ठेवलेली मण्यांची वाटी तिच्याकडूनच लवंडत होती. सांडलेले मणी वेचताना कोनादूला रडू यायचं.

रविवारी चर्चमधून मामा थेट घरी आला. कोनादूनं पाणी दिलं. पाणी पिऊन मामानं रीतीप्रमाणे सांगितलं, "घरी सगळं क्षेम आहे. बहिणीला बघावं म्हणून आलो."

कोनादूनं पाण्याचा दुसरा पेला आणला आणि शेजारी तो व्हिडिओ लावून फोन ठेवला.

"मामा, तुम्ही आणखी एक पाहुणा पाठवलाय. महिनाभर घरात राहतोय, त्याची विचारपूस राहून गेली."

"कोनादू, जिभेला काही हाड?" आई कडाडली.

मामानं हात वर केला. पाणी पुढे ठेवलं म्हणजे उत्तर देणं आलं, तिथं त्याचाही इलाज नव्हता. "विचार."

"कुठून आला हा?"

"चर्चमधल्या ओसेईनं पाठवला. त्याला त्याच्या मेव्हण्यानं."

"आणि हा कोटवाला कुठल्या दवाखान्यातला?"

"खाली लिहिलं असेल की."

"वाचा ना, मामा."

मामानं फोन लांब धरला, जवळ आणला, मान तिरकी केली. मग हळूच खाली ठेवला.

"दिसत नाही गं."

"चष्मा देऊ?"

"चष्म्यानंही नाही. एक डोळा तर गेल्यातच जमा आहे. दवाखान्याची भीती वाटते मला. हा बाबा म्हणाला घरच्या घरी बरं होतं, म्हटलं असेल खरं. मीही तोच रस घालतोय."

कोनादूचा राग कुठल्या कुठे गेला. भावंडांचेही डोळे तपासा, असं डॉक्टर तिला म्हणाले होते. थोरल्या मामाला डोळे तपासायला कसं सांगायचं, म्हणून ती गप्प बसली होती. तिला स्वतःचीच लाज वाटली.

"मामा, मी तेव्हाच बोलायला हवं होतं," ती म्हणाली.

आई उठली. भिंतीला हात लावत फळीपर्यंत गेली, बाटली चाचपून काढली आणि लेकीच्या हातात दिली. मग भावाच्या अगदी शेजारी बसून तिनं मान मागे टाकली.

"बघून ठेव, दादा," ती म्हणाली. "जरासं चुरचुरतं, बस. उद्या दवाखान्यात मी तुझा हात धरून बसेन."