कुत्र्याचं नाव सगळ्यांना ठाऊक होतं

मित्रांनो, आजवर माझ्यावर जेवढी माणसं बसली, त्यांतल्या एकालाही माझ्यावर बसायचं नव्हतं. मी एक जुनी चाकांची खुर्ची आहे. झुलत्या खुर्चीत माणूस खुशीनं बसतो, न्हाव्याच्या खुर्चीत तर रांग लावून बसतो. माझ्याकडे येतो तो तोंड पाडूनच. या धंद्यात मान नाही, हे मला फार लवकर कळलं.

माझा जन्म इटलीच्या उत्तरेकडच्या एका कारखान्यात झाला. तिथं आमची परीक्षा घ्यायला आमच्यावर वाळूचं पोतं बसवत. पुढे मी बरीच माणसं पाहिली. समजूतदारपणात त्या पोत्याची सर कोणाला आली नाही.

फुल्वियो नावाच्या एका गृहस्थानं मला आपल्या वडिलांसाठी विकत घेतलं आणि या समुद्रकाठच्या गावात आणून सोडलं. वडिलांचं नाव ओरेस्ते. ते म्हणाले, "यात मी मेलो तरी बसणार नाही." ते शब्दाचे पक्के निघाले. त्यांनी माझ्यावर बाजारातून टरबुजं आणली, वाइनच्या बरण्या आणल्या, एकदा शेजाऱ्याची आजारी मेंढीसुद्धा आणली, आणि स्वतः मागे माझ्या मुठींना टेकून चालत राहिले. "टेकायला झकास आहे," असं ते चारचौघांत म्हणत. माझं एवढं कौतुक पुन्हा कोणी केलं नाही. मग एका दुपारी ते आपल्या पलंगावर झोपेतच गेले, आणि मी त्यांच्या बायकोच्या, एर्सिलियाबाईंच्या वाट्याला आले.

बाईंचे पाय गेले होते आणि आठवणही पातळ होत चालली होती. मुलगा मिलानला. म्हणून रशियाशेजारच्या जॉर्जिया देशातल्या कुटाइसी गावाहून आलेली मनाना बाईंना सांभाळायला घरात राहायला आली. तिच्याकडे इथं राहायचे कागद नव्हते. घरी जायला तिला कोणी अडवत नव्हतं. परत येताना मात्र अडवलं असतं. आणि कुटाइसीच्या घरात चूल पेटायची ती तिच्याच कमाईवर. त्यामुळे ती गेली नाही. माझं डावं चाक खाऱ्या हवेनं करकरायला लागलं, की ती स्वयंपाकघरातलं ऑलिव्हचं तेल बोटानं लावायची. सॅलडवर घालतात ते तेल मी प्यायले आहे, हे मी कपाटातल्या काटेचमच्यांना बरेचदा ऐकवलं.

रोज संध्याकाळी आम्ही तिघी फिरायला निघायचो. त्या वेळेला सगळं गावच बाहेर पडतं. समुद्राच्या भिंतीपर्यंत जायचं, वळायचं, आणि मघाशी भेटलेल्यांनाच वर्षांनी भेटल्यासारखं पुन्हा भेटायचं. कॅफेबाहेरच्या टेबलावर ब्रूनाबाई आपल्या पल्लिनो नावाच्या कुत्र्याला मांडीवर घेऊन बसलेल्या असत.

"एर्सिलिया, आज काय तुकतुकीत दिसतेस गं!" मग मनानाकडे न बघता, "जेवल्या का नीट?"

"जेवल्या," मनाना म्हणायची.

"आणि पल्लिनो, तू रे? ओळख विसरलास होय?" हे मागून येणारे मासेवाले. ते कुत्र्याचा पंजा हातात घेत.

मनानाला कोणी काही विचारत नसे. ती 'एर्सिलियाची रशियन' होती. पहिल्या वर्षी ती सांगायची, "मी रशियन नाही हो. जॉर्जियाची."

"तेच गं ते," ब्रूनाबाई म्हणायच्या.

रशियाच्या टाचेखालून सुटलेल्या जॉर्जियाच्या माणसाला रशियन म्हटलं की काय वाटतं, ते मनानानं एकदा माझ्या ब्रेकवर काढून दाखवलं. तो ब्रेक अजून सैल झालेला नाही.

भिंतीपाशी पोचलं की ती माझ्या हातावर फोन टेकवून ठेवायची आणि पलीकडे कुटाइसीत तिचा म्हातारा बाप ओतारी दिसायचा. आता इथं नीट ऐका, कारण पुढचा सगळा घोटाळा यातूनच झाला. तुमच्याकडे मामा म्हणजे आईचा भाऊ. इटलीत मम्मा म्हणजे आई. आणि मनानाच्या भाषेत मामा म्हणजे बाप. वर तिथली रीत अशी, की बापही लाडानं लेकीला 'मामा'च म्हणतो. हे ज्यानं ठरवलं, त्याला एकदा माझ्यावर बसवून या गावातून फिरवायला हवं.

"मामा, ऐकू येतंय का?"

"येतंय, मामा. तू जेवलीस का?"

"मी जेवले," भाषा न कळताच एर्सिलियाबाई सवयीनं उत्तर द्यायच्या. एकदा त्या फोनमध्ये निरखून बघत म्हणाल्या, "हा म्हाताराही मला आई म्हणतो. मला पोरं तरी किती आहेत?"

"एकच, बाई. फुल्वियो."

"तो कुठाय?"

"मिलानला."

"मग हाच बरा. गारठलाय बघ. त्याला म्हणावं, स्वेटर घाल."

दुसऱ्या दिवशी ओतारी स्वेटर घालून हजर. त्यानं पहिल्याच दिवशी लेकीला विचारून घेतलं होतं, "बाईंचं नाव काय?" तेव्हापासून तो रोज पेला उंचावून ते नाव घ्यायचा, त्याला जमेल तसं, आणि एर्सिलियाबाई मान डोलवायच्या. दोघांना एकमेकांचा एक शब्द कळत नव्हता. त्या गावात तेवढंच एक संभाषण मला धड वाटायचं.

हिवाळ्यात ओतारीची छाती भरली. आठवडाभर फोनमध्ये नुसती उशी दिसत होती, मग तीही दिसेना. दफनाच्या दिवशी चुलतभावानं तिकडून फोन धरला, पण गर्दीत त्याला तो सरळ धरता येईना. मनानानं बापाचं दफन पाहिलं त्यात निम्मं आभाळ होतं आणि निम्मे कोणाचे तरी बूट. समुद्राच्या भिंतीला टेकून ती हाका मारत होती, "मामा, मामा."

एर्सिलियाबाईंनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "रडू नकोस, पोरी. मी आहे ना इथं."

एरवी मनाना त्यांची चूक दुरुस्त करायची. त्या दिवशी केली नाही. ती खाली बसली आणि बाईंच्या मांडीत तोंड खुपसून रडली. भार माझ्यावरच आला होता, पण मी हललेही नाही.

कॅफेतून ब्रूनाबाईंनी हे पाहिलं. त्यांनी तिथल्या तिथं मिलानला फोन लावला. "फुल्वियो, ती रशियन तुझ्या आईला भर रस्त्यात 'मम्मा' म्हणत्ये. मला काय त्याचं? पण अशांच्या नावावर घरं झालेली मी पाहिलीत, बाबा."

नाताळात बर्फामुळे फुल्वियोला येता आलं नव्हतं. ब्रूनाबाईंच्या फोनच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र तो दारात उभा होता. बर्फ तेवढंच होतं.

"तू माझ्या आईला मम्मा म्हणतेस?"

"नाही हो. आमच्यात मामा म्हणजे बाप."

फुल्वियोनं थोडा विचार केला. "म्हणजे तू माझ्या आईला बाप म्हणतेस?"

"माझा बाप वारला. मी त्याला हाक मारत होते."

"इथून?"

"इथूनच. तिथं जाता येत नाही ना मला."

"मग आता जा की," तो म्हणाला. "आईची सोय मी दुसरीकडे केलीय."

एर्सिलियाबाई खिडकीपाशी माझ्यावर बसल्या होत्या. त्यांनी वळून पाहिलं. "मनाना, कोण गं हा माणूस? त्याला सांग, आपल्याला काही घ्यायचं नाही."

निघताना मनानानं माझ्या चाकाला तेल लावलं. "अगं, ते चांगलं तेल आहे," फुल्वियो म्हणाला. तिनं बाटली जागेवर ठेवली, बाईंच्या गळ्याभोवतीचा रुमाल नीट केला आणि संध्याकाळच्या बसनं गेली. कुटाइसीला गेली, की दुसऱ्या गावात दुसऱ्या खुर्चीच्या मागे उभी राहिली, मला ठाऊक नाही. मला मागचं दिसत नाही.

आता आम्ही दोघी डोंगरावरच्या वृद्धाश्रमात आहोत. इथून समुद्र दिसत नाही. खारी हवा नसल्यामुळे माझा गंज थांबला आहे. मी कधी नव्हे इतकी ठणठणीत आहे. पोरी कामाला चांगल्या आहेत, फक्त थकलेल्या असतात. संध्याकाळी फिरायची वेळ झाली, की एर्सिलियाबाई माझ्या हातावर फोनची जागा चाचपतात आणि हाक मारू लागतात. तेव्हा त्यांची कवळी काढून पेल्यात ठेवलेली असते, आणि दातांवाचून 'न' नीट उमटत नाही.

"मम्मा, मम्मा करताहेत," नव्या पोरीला जुनी सांगते. "सगळ्यांचं असंच असतं गं. शेवटी आईच आठवते. तू लक्ष देऊ नकोस, थांबतात."

आणि त्या थांबतात.

नव्या पोरीचे कान मात्र बरे होते. परवा ब्रूनाबाई भेटायला आल्या, कुत्र्याला घेऊन. "पल्लिनो!" एर्सिलियाबाई म्हणाल्या, आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, की बघा, अजून आठवतं.

नव्या पोरीनं हळूच विचारलं, "बाई, या रोज 'मनाना, मनाना' असं काहीतरी म्हणतात. कोण हो ती? बोलावता येईल का?"

माझी चाकं जागच्या जागी ताठली. ब्रूनाबाईंनी मनापासून आठवून पाहिलं. लबाडी नव्हती त्यात. कपाळाला आठ्या घालून त्यांनी सगळं गाव डोळ्यांपुढून फिरवलं.

"नाही गं," त्या म्हणाल्या. "या नावाचं कोणी नव्हतं त्यांच्याकडे."

मित्रांनो, तुमच्या घरी माझी कोणी बहीण असेल, तर तिला तेल नाही घातलंत तरी चालेल. ती करकरेल, पण कोणाचं अडणार नाही. तिच्या मागे उभं राहून जी ढकलते, तिला मात्र पहिल्याच दिवशी नाव विचारून ठेवा. नंतर ते लागतं, आणि तेव्हा विचारायला ती नसते.

हिचं नाव मनाना. कोणी विचारलं, तर सांगा.