अकराचा आकडा

"अपडेट करायचं तर सगळं कर, नायतर हात लावू नको. आन् मीटर मुकं झालं तर बाटली घेऊन नाल्यावर जा. आकडा मनाने लिहू नको, पोरी."

तिच्या आधी मीटर सांभाळणारे, जवळच्या माहीमचे कमलाकांतकाका निवृत्त होताना बोलले होते आणि रूपालीने त्यांना शब्द दिला होता.

तारापूरच्या त्या रंगाच्या कारखान्यात सांडपाण्याचं मीटर कॉम्प्युटरवर वाचलं जाई. त्यातली सिस्टम रोज थोडी थोडी बदलायची. तिचे नवे भाग नेटवरून येत, आज आला तो उद्या जुना. म्हणून काका दर सोमवारी आधी जुन्याची प्रत काढत, मग सगळं एकदम नवं करत. रूपालीने तो नेमच धरला होता, गुरुवारच्या उपासासारखा.

आज गुरुवारच होता. ती साडेनऊला आली तर तिच्या खुर्चीत मदतनीस शैलेश, फरसाणाच्या तेलकट बोटांनी कीबोर्ड बडवत. मीटरच्या जागी स्क्रीनवर एक तांबडी ओळ.

"काय केलंत?"

"काय नाय, मॅडम. नवा आलेख छान दिसतो म्हणून तेवढाच घेतला."

"तेवढाच?" नव्या आलेखाने सोबत नवी फाइल ओढून आणली होती, आणि मीटरच्या जुन्या प्रोग्रामला ती ओळखता येत नव्हती. "जुन्या प्रती कुठायत?"

"जागा अडवत होत्या. उडवल्या."

"काकांच्या घरी एक आहे. संध्याकाळी आणते. तोवर वहीत दर तासाचा आकडा कुठून?"

"कालचेच टाका, जरा खाली-वर करून. साहेब पण तेच म्हणाले." तो बोटं चाटत हसला. "उपास तुमचा, पाण्याला कशाला छळता?"

तिने नोंदवही ओढली. नऊचा आकडा होता. दहाचा होता. अकराचाही होता, आणि त्याखाली शैलेशची सही, शाई केव्हाच वाळलेली.

तिने घड्याळाकडे पाहिलं. नाल्याच्या जांभळ्या फेसाचा, सडक्या अंड्यासारखा वास चार वर्षांत अंगवळणी पडला होता. हे आकडे पडणार नव्हते. वहीवर तेलाचा अंगठाही उमटला होता. पदराच्या टोकाने तो पुसावासाही वाटेना.

"उद्याचेही लिहून ठेवायचे होते," ती हळूच म्हणाली.

शैलेशला ती थट्टा वाटली.

तिने तिन्ही आकड्यांवर रेघ मारली, बाजूला स्वतःची सही केली. कपाटातून दोरी बांधलेली बाटली आणि हातात धरायचं छोटं मीटर काढलं. बाटली नळाखाली तीनदा विसळली, काका विसळत तशी. मग पदर खोचून ती कुंभवली गावाकडच्या फाटकाने नाल्याकडे निघाली. दहा वाजायला अजून सात मिनिटं होती.