चिमणीची सीट

आमच्या दादाला एकच वेड होतं, वजनाचं. आम्ही शर्यतीसाठी बांधत असलेल्या गाडीचा कुठलाही भाग हातात घ्यायचा आणि विचारायचा, "हा नसला तर काय बिघडेल?" फारसं बिघडणार नसेल तर तो भाग गेलाच. दारं गेली, डिकी गेली, पेडलांना भोकं पडली. वरचा ॲल्युमिनियमचा पत्रा मी ठोकून दिला, तर म्हणे अजून पातळ हवा. "कागदाची कर ना मग!" मी ओरडलो होतो. तरी दिला पातळ करून. करतो काय, थोरला भाऊ पडला.

तिचं नाव आम्ही चिमणी ठेवलं. चढाच्या शर्यतीत दुप्पट ताकदीच्या गाड्या वळणावर धापा टाकत बाहेर फेकल्या जायच्या आणि ही आतल्या अंगाने सुळकन वर. कितीतरी हंगाम तिला कुणी गाठू शकलं नाही. चालवायचा दादाच, कारण सीट त्याच्याच मापाची होती. त्याला समोर बसवून, पाठीला आणि कमरेला चिकटेल असा पत्रा मी ठोकला होता. गादी नको, पुढेमागे सरकवायची यंत्रणा नको, तेवढंच वजन वाचलं. दुसरं कुणी बसलं की एक तर अडकायचं, नाहीतर खुळखुळायचं.

"या गाडीतला सगळ्यात जड भाग मीच," दादा म्हणायचा. "मला तेवढं काढता येत नाही."

पुढे म्हातारपणी पोटाच्या आजाराने त्याचं पार चिपाड केलं. वहिनीने घरातला आरसा काढला, वजनकाटा कुणाला तरी देऊन टाकला, त्याचे शर्ट गुपचूप आत घेऊन शिवले. डॉक्टरांनी आशा सोडली होती, दादाने नाही. चिमणी संग्रहालयाला द्यायची हे त्यानेच ठरवलं, पण ती जायच्या आधी एकदा तिच्यात बसायचंच, हा हट्ट. म्हणाला, "सीट घट्ट बसली की समजेन, अजून बरा होईन मी."

तो त्या सीटमध्ये खुळखुळला असता आणि तिथेच खचला असता. म्हणून मी वर्कशॉपचं दार लावलं, सीट खोलली, वहिनीकडून त्याचा शिवलेला शर्ट मापाला आणला आणि वाळूच्या पिशवीवर ठेवून पत्रा आत घ्यायला लागलो. ठोकता ठोकता रडत होतो आणि शिव्याही देत होतो. कुणाला, ते विचारू नका.

दुसऱ्या दिवशी मी आणि वहिनीने त्याला धरून आत बसवलं. तो जरा सरकला, टेकला. घट्ट! त्याचा चेहरा असा खुलला की वहिनी पाठ फिरवून उभी राहिली.

मग त्याचा अंगठा सीटच्या कडेवरून फिरला. तिथे हातोड्याचे ताजे ठसे होते. एवढं कसं सुचलं नाही मला, पॉलिश करायचं!

"नवीन ठोकलंयस."

"छे, काहीतरीच काय."

"गाढवा, मला शिकवतोस? किती आत घेतलंस?"

"दोन बोटं."

"दोन्ही बाजूंनी?"

मी मान खाली घातली. तो भोकं पाडलेल्या पेडलांकडे बघत राहिला.

"काम छान झालंय," शेवटी म्हणाला. "आता ढकल. क्लच दाबायचं बळ नाही पायात."

एका बाजूला वहिनी, एका बाजूला मी. गल्लीच्या चढाला लागलो. रस्ता सरळ होता, तरी दादा स्टिअरिंग हलकेच फिरवत होता, जुनी वळणं घेत असावा.

"भावजी, दमलात तर सांगा हं," वहिनी म्हणाली.

दमायचं कसलं! दोन म्हातारी माणसं, समोर चढ, आणि गाडी आपली हातापुढे पळत होती. जन्मभर ज्या हलकेपणाचं कौतुक केलं, त्याचाच मला संताप आला. मध्येच मी थांबलो आणि मान उंच करून आत पाहिलं, दादा आहे ना म्हणून.

"थांबलास का रे?" त्याने समोर बघतच विचारलं.

"जड आहेस," मी म्हणालो, आणि पुन्हा ढकलायला लागलो.